वाकडं होतं, सरळ केलं

परवा रात्री नऊ दिवसांच्या प्रवासाहून परतलो, खोलीतला दिवा लावला, आणि खिडकीत माझे बोन्सायचे झाड सावधान स्थितीत उभे असलेले दिसले. मी घर सोडले तेव्हा ते असे उभे नव्हते. तेव्हा त्याच्या खोडाला दोन वळणे होती, एक डावीकडे आणि दुसरे, थोडे लहान, उजवीकडे. आणि ती आणायला मला आठ महिने, काही मीटर ॲल्युमिनियमची तार आणि माझ्याजवळ होती नव्हती तेवढी सगळी सहनशक्ती खर्ची घालावी लागली होती. आता खोडाच्या पाठीशी बांबूची एक कामटी होती, ती बुटाच्या पांढऱ्या नाडीने तीन ठिकाणी करकचून बांधलेली होती, आणि तार कुठेच नव्हती. ती नंतर कुंडीच्या मागे सापडली. तिचे सुबक वेटोळे करून ठेवले होते, कारण हे सगळे ज्यांनी केले ते गृहस्थ काटकसरी आहेत.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका. झाडाला पाणी घालण्यासाठी मी घराची किल्ली त्यांना देऊन गेलो होतो, आणि किल्लीबरोबर चौदा कलमांचा एक कागदही दिला होता. इतका खुलासा पुरे.

झाड फायकसच्या कुळातले आहे, म्हणजे वड, पिंपळ आणि उंबर यांचे नात्याने कोणीतरी लागते. पहिले बोन्साय करणाऱ्याने उष्ण प्रदेशातले झाड घ्यायचे ठरवले, तर त्याला बहुतेक वेळा फायकसच सुचवले जाते, आणि त्याचे कारण असे सांगितले जाते की हे झाड नवशिक्याच्या चुका सहन करते. हे वाक्य वाचून मला हुरूप आला होता. त्याचा खरा अर्थ मला पुढे कळला. झाड चुका सहन करते, पण निमूटपणे सहन करत नाही. घरी आणल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्याला दिवाणखान्यातून खिडकीत हलवले आणि त्याने निम्मी पाने खाली टाकली. पाणी जास्त झाले, पाने पिवळी पडून गळाली. घाबरून पाणी कमी केले, पाने पुन्हा पिवळी पडून गळाली. उजेड कमी पडला तरी पाने गळतात, थंड वारा लागला तरी गळतात. फायकसजवळ तक्रार करण्याची ही एकच भाषा आहे, आणि त्या भाषेत शब्दही एकच आहे. तो कोणत्या अर्थाने उच्चारला गेला हे ओळखण्याची जबाबदारी मालकावर असते.

ज्यांनी मला ते विकले त्यांच्याविषयीही मला दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तो राग अजून पुरता निवलेला नाही. कुंडीवर ‘घरातील झाड’ अशी चिठ्ठी होती. घरातील झाड असे काही जगात नसते. सगळी झाडे बाहेरचीच असतात. त्यांतली काही घरात तग धरतात, आणि तीही उजेडाला अगदी लागून ठेवली तर. शिवाय मातीच्या वर पांढऱ्या खड्यांचा एक सुंदर थर होता, आणि तो गोंदाने चिकटवलेला होता. महिनाभर मी त्या खड्यांवर पाणी घालत राहिलो, ते वरच्यावर ओघळून कडेने निघून जात राहिले, आणि झाडाला भरपूर पाणी मिळते आहे या समाधानात मी झोपत राहिलो. तो थर अखेर स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढला तेव्हा आत ज्याला माती म्हणता येईल असा एक कोरडा ठोकळा होता, आणि त्या ठोकळ्यातच झाडाने महिना काढला होता.

पाण्याविषयी सगळी पुस्तके एका गोष्टीवर ठाम आहेत, ती म्हणजे किती दिवसांनी पाणी घालायचे हे कोणीही सांगायचे नाही. बोट मातीत सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर खुपसायचे, वरचा भाग कोरडा लागू लागला की पाणी घालायचे, आणि घालायचे तेव्हा तळाच्या भोकांतून वाहू लागेपर्यंत घालायचे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, म्हणून माती चाळून तिच्यातली भुकटी काढून टाकायची आणि विटेचे बारीक तुकडे किंवा जाड वाळू अशी खडबडीत सामग्री वापरायची. हे सगळे मी केले. वर्षभरात माझ्या उजव्या हाताची तर्जनी कायमची तपकिरी झाली, आणि लोकांनी हात मिळवण्यापूर्वी तिच्याकडे पाहण्याचा प्रघात पडला.

मग तारेचे पर्व आले. नियम सोपे आहेत. तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाड असावी; माझे खोड नऊ मिलिमीटर होते, म्हणून तार तीन मिलिमीटरची घेतली. ती पंचेचाळीस अंशांच्या तिरकसपणाने गुंडाळावी, फार सैल नको, फार घट्ट नको. मग दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवावे, आणि लाकूड करकरल्यासारखे वाटले की थांबावे. लाकूड करकरते आहे की आपले बोट, हे पहिल्या खेपेला कळत नाही. सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटचा आहे: फायकस भराभर जाड होते, म्हणून वाढीच्या दिवसांत तारेवर सतत लक्ष ठेवावे आणि ती सालीत रुतू लागताच काढावी. काढताना उलटी सोडवत बसू नये, कारण सोडवताना साल सोलली जाते आणि फांद्या मोडतात. कटरने प्रत्येक वेढा कापून तुकडे अलगद उचलावेत. पहिल्या तारेच्या वेळी मी हा शेवटचा नियम विसरलो होतो. परिणामी सर्वांत खालच्या फांदीवर मळसूत्रासारखे आटे पडले, ते आजही आहेत, आणि आणखी काही वर्षे राहतील. पुढच्या दोन तारा मात्र मी नियमाप्रमाणे लावल्या. निदान असे माझे म्हणणे होते.

तर परवा रात्री मी दिवा लावून त्या कामटीकडे पाहत उभा होतो, तेवढ्यात दारावर टकटक झाली. काकांना खालचा दिवा दिसला होता. ते किल्ली परत द्यायला आले होते असे त्यांनी सांगितले, परंतु किल्ली त्यांनी शेवटपर्यंत मुठीतच ठेवली.

“कसं वाटतंय आता?” त्यांनी विचारले. प्रश्न मला नव्हता. ते माझ्या खांद्यावरून झाडाकडे पाहत होते.

“काका,” मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणालो, “हे सरळ कसं झालं?”

“झालं नाही, केलं. वाकडं होतं, सरळ केलं. पहिले दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.”

“पण मी कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं.”

“कागद वाचला ना. चौदाच्या चौदा कलमं वाचली. पण झाड वाकडं आहे, असा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. म्हटलं, रोज बघून बघून तुमच्या लक्षात आलं नसेल.”

हा युक्तिवाद मी नंतर दोन दिवस सर्व बाजूंनी तपासला आहे आणि मला त्यात कुठे फट सापडलेली नाही. पाण्याचा झारा कोणत्या बाजूने धरावा हे मी लिहिले होते. खिडकीचा पडदा किती वाजता सारावा हे लिहिले होते. झाड सरळ करू नये हे लिहिले नव्हते, जसे ते दुमडून कपाटात ठेवू नये हेही लिहिले नव्हते.

“ते वाकडं मी मुद्दाम केलं होतं, काका.”

काकांनी खिशातून चष्मा काढला, तो डोळ्यांवर चढवला, आणि झाडाऐवजी माझ्याकडे पाहिले.

“मुद्दाम?”

“हो.”

“म्हणजे तुमच्याकडे आलं तेव्हा ते सरळ होतं?”

“साधारण सरळ होतं.”

“चांगलं सरळ आलेलं झाड,” काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “तुम्ही वाकडं केलंत.” वाक्य त्यांनी तिथेच ठेवून दिले आणि त्यावर माझे काही म्हणणे असल्यास ते ऐकण्यासाठी थांबले. मी काही म्हटले नाही. “आणि ती तार?”

“तार त्यासाठीच होती.”

“ती रुतली होती. मी सोडवली तेव्हा साल निघाली तिच्याबरोबर. अन् खालच्या फांदीला बघा, आटे पडलेत, स्क्रूसारखे.”

“ते आटे जुने आहेत,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आले की हा बचाव नाही.

यानंतर मी तारेविषयी बोललो. आवाज खाली ठेवण्याचा निश्चय तोवर मोडला होता. तार कधीही उलटी सोडवायची नसते, ती जागच्या जागी कापायची असते, सोडवणे म्हणजे सालीचा आणि कोंबांचा नाश, आणि दोन मिनिटांच्या आळसापायी माणसे वर्षाचे काम मातीत घालवतात, असे ते साधारण पाच मिनिटांचे व्याख्यान होते. काकांनी ते मान डोलावत, मन लावून ऐकले. कोणी माझे बोन्सायविषयीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला.

“बरं, आणखी एक सांगायचं होतं,” व्याख्यान संपल्यावर काका म्हणाले. “त्या कुंडीला खाली भोकं आहेत.”

“असायलाच हवीत.”

“घातलेलं सगळं पाणी खालून निघून जात होतं. किती वाया घालवायचं? मी दोन्ही भोकांत चिंध्यांचे बोळे बसवलेत, गच्च.”

मी धावलो. कुंडी उचलून तिरकी केली, बोळे ओढून काढले, आणि आतून जे पाणी आले त्याचा रंग व वास यांचे वर्णन मी करणार नाही. काका मागे येऊन उभे राहिले आणि जमीन ओली झाल्याचे त्यांनी माझ्या निदर्शनास आणून दिले.

“आणि आत मातीच नाहीये,” ते म्हणाले, “नुसते खडे आहेत. मी चांगली माती आणून ठेवली होती वर, घालणारही होतो. पण म्हटलं, दुसऱ्याचं झाड आहे, विचारल्याशिवाय हात कशाला लावा.”

मला खाली बसावे लागले. काकांना वाटले की मी प्रवासाने थकलो आहे, म्हणून तेही सोबतीला खुर्ची ओढून बसले. झाड आमच्या दोघांच्या मध्ये होते. काही वेळाने त्यांनी, वातावरण थोडे निवळावे या हेतूने असेल, विचारले, “पुढे केवढं होतं हे?”

“एवढंच. आता अठ्ठावीस सेंटीमीटर आहे, फार तर तीस होईल.”

“मग तुम्ही रोज हे जे सगळं करता, ते कशासाठी करता?”

“ते मोठं होऊ नये म्हणून.”

“त्यासाठी काही करावं लागतं?” काका खरोखरच चकित झाले. “आमच्या गॅलरीत सात झाडं आहेत. मी काहीसुद्धा करत नाही. एकही मोठं होत नाही.”

आता मला माझी बाजू सावरण्यासाठी एखादे भव्य उदाहरण हवे होते, आणि ते माझ्याजवळ होते. जपानमधल्या एका पाइन वृक्षाची गोष्ट मी त्यांना सांगितली. १६२५ पासून कुंडीत वाढवलेले ते झाड यामाकी नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्या ठिकाणापासून सुमारे तीन किलोमीटरवर, घराच्या भिंतीआड होते, आणि ते वाचले. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले, ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात गेले, आणि ते बॉम्बमधून वाचलेले झाड आहे हे तिथल्या लोकांना २००१ मध्ये, त्या घरातले नातू ते पाहायला आले तेव्हा कळले. गोष्ट सांगताना माझा स्वतःचाच गळा थोडा भरून आला. काका बराच वेळ गप्प होते. मला वाटले, पोहोचले.

“म्हणजे १६२५ पासून १९७६,” ते बोटांवर हिशेब करत म्हणाले, “तीनशे एक्कावन्न वर्षं सांभाळलं, आणि देऊन टाकलं.”

“हो.”

“काही कुरकुर न करता.”

“हो, काका.”

“आणि तुम्ही नऊ दिवसांसाठी दिलंत, तर एवढं मनाला लावून घेताय.”

मी झाडाकडे पाहिले. झाड सरळ माझ्याकडे पाहत होते, आणि तेव्हाच मला आणखी एक गोष्ट दिसली, की ते पाठमोरे असायला हवे तिथे समोरून आणि समोरून असायला हवे तिथे पाठमोरे आहे. बोन्सायला एक दर्शनी बाजू असते. बुंध्यापासून पसरणारी मुळे जिथून सर्वांत चांगली दिसतात, खोडाचे वळण जिथून नीट वाचता येते आणि शेंडा पाहणाऱ्याकडे किंचित झुकलेला असतो, ती बाजू. माझ्या झाडाची दर्शनी बाजू ठरवायला मला तीन आठवडे लागले होते. काकांनी ती भिंतीकडे केली होती. कारण विचारले, तर म्हणाले की ते झाड सारखे अंगावर आल्यासारखे वाटत होते.

इथे न्यायासाठी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. काकांची पाठ वाकलेली आहे. ते उभे राहतात तेव्हा कमरेपासून वर सगळे एका बाजूला कलते, आणि गेले वर्षभर माझ्या डोक्यात झाडांच्या शैलींशिवाय दुसरे काही नसल्यामुळे, जिन्यात ते भेटले की मला प्रत्येक वेळी ‘शाकान’ हा शब्द आठवतो. जपानी परिभाषेत कललेल्या झाडाला असे म्हणतात. सरळसोट उभ्या झाडाला ‘चोक्कान’ आणि वळणे घेत वर जाणाऱ्याला ‘मोयोगी’ म्हणतात. माझे मोयोगी होते. ते काकांनी नऊ दिवसांत चोक्कान केले, आणि दिसायला सोपी पण साधायला महाकठीण म्हणून ओळखली जाणारी ही शैली त्यांनी एका कामटीवर निभावली. हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. परंतु त्यांनी माझी नजर ओळखली असावी.

“माझ्याकडे बघा,” ते म्हणाले. “बत्तीस वर्षं टेबलावर वाकून लिहिलं. तेव्हा कोणी म्हटलं नाही, की अहो, जरा ताठ बसा. आता डॉक्टर म्हणतात की उशीर झाला. हे तर कोवळं आहे अजून.”

यावर काय बोलायचे असते हे मला अजूनही सुचलेले नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहणे बरे वाटेना, आणि मला दिसले की त्यांच्या डाव्या बुटाला पांढरी नाडी आहे आणि उजव्या बुटाला नाही.

“सध्यापुरती दिलीय,” काका माझी नजर पकडून म्हणाले. “झाड एकदा सरळ राहायला लागलं की परत द्या. घाई नाही. मी हळू चालतो.”

ते गेल्यावर मी बराच वेळ चिडत बसलो, आणि तो राग एकट्या काकांवर नव्हता. कुंडीतल्या झाडाला कोणीही हात लावू शकतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. दुसऱ्याच्या टेबलावरचे पुस्तक कोणी न विचारता उघडत नाही, दुसऱ्याच्या मुलाचे केस कोणी परस्पर कापत नाही. पण माझ्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाने या झाडाचे एक तरी पान तोडून, बोटांत चुरगळून, आतून निघालेला पांढरा चीक पाहून “अरे, चिकट आहे” असे म्हटले आहे. सगळ्या झाडाला जेमतेम ऐंशी पाने असतात तेव्हा एका पानाला काही किंमत असते हे कोणाच्या गावी नसते. कोंबावर सहा-आठ पाने येऊ द्यायची आणि मग दोन-तीन ठेवून बाकीची छाटायची, हे मी महिनोन्‌महिने करतो, ते पाहून हेच पाहुणे मला निर्दय म्हणतात. झाडाला ‘बिचारे’ म्हणायचे आणि म्हणता म्हणता त्याचे पान खुडायचे, हा विरोधाभास मी एकाही पाहुण्याला समजावू शकलेलो नाही. चीनमध्ये ली श्यान नावाच्या एका राजपुत्राच्या थडग्यात इसवी सन ७०६ च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांत लहानशी झाडे आणि दगड मांडलेली तबके घेऊन निघालेले सेवक दाखवले आहेत. तेराशे वर्षे ते सेवक ती झाडे धरून उभे आहेत आणि त्यांपैकी एकाचेही बोट पानाला लागलेले नाही. असा सेवक मिळणे आता अवघड झाले आहे.

रात्री साडेअकराला मी शस्त्रक्रियेला बसलो. कामटी काढायची होती. नाडीला तीन गाठी होत्या, आणि त्या साध्या गाठी नव्हत्या. ज्या माणसाने आयुष्यभर फायलींचे गठ्ठे बांधले असतील त्या माणसाच्या त्या गाठी होत्या. नखांनी प्रयत्न केला, काट्याने केला, दातांनी करण्याचा विचार केला, पण तेवढ्यासाठी झाडाला जितके जवळ घ्यावे लागले असते तितके आमचे संबंध त्या क्षणी नव्हते. अखेर मी कटर घेतला आणि जसा तारेचा नियम आहे तसा, एकेक वेढा कापून, तुकडे अलगद उचलले. सात तुकडे झाले. झाडाला ओरखडासुद्धा उमटला नाही.

कामटी सुटल्यावर खोड हळूहळू आपल्या जुन्या वळणाकडे निघाले आणि अर्ध्यावर थांबले. आता ते ना सरळ आहे ना वाकडे. काही सांगायला म्हणून उठावे आणि काय सांगायचे ते विसरावे, तसे ते उभे आहे. मग मी भिंग घेऊन साल तपासली. काकांनी तार उलटी सोडवताना दोन ठिकाणी साल सोलली आहे, त्यावर चीक वाळून पांढरे डाग पडले आहेत. फायकसच्या जखमा लवकर भरतात, याही भरतील. त्या दोन जागा सोडल्या, तर बाकी सगळ्या खोडावर तारेच्या वेढ्यांच्या बारीक, उथळ रेषा होत्या. त्या काकांनी केलेल्या नव्हत्या. ती तार लावून सात आठवडे झाले होते, भर वाढीचे दिवस होते, आणि निघण्याच्या आदल्या रात्री मी तिच्याकडे पाहून ‘परत आल्यावर काढू’ असे म्हटले होते, हे मला अगदी स्पष्ट आठवते, कारण त्याच वेळी मी चौदावे कलम लिहीत होतो. आणखी नऊ दिवस ती तशीच राहिली असती, तर त्या रेषांचे आटे झाले असते. ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही, आणि काकांना तर सांगणारच नाही.

पाणी साचलेल्या मुळांचे काय झाले हे अजून कळायचे आहे. काल दिवसभर मी कुंडी उजेडात, एका बाजूला उचलून ठेवली होती, म्हणजे उरलेले पाणी कोपऱ्यातून निथळेल. संध्याकाळपर्यंत पाच पाने गळाली. ती पाण्यामुळे गळाली, की दर्शनी बाजू फिरवल्यामुळे, की साल सोलल्यामुळे, की मी परत आल्यामुळे, हे झाडाच्या त्या एकाच शब्दावरून मला ओळखता आले नाही.

आज सकाळी जिन्यात काका भेटले. ते फिरून येत होते, आणि उजव्या बुटाला त्यांनी सुतळी बांधली होती. झाडाची प्रकृती विचारून झाल्यावर त्यांनी अगदी सहज, घाई नाही असे दोनदा म्हणून, नाडीची चौकशी केली. मी घरात गेलो आणि सात तुकडे ओंजळीत घेऊन बाहेर आलो. काकांनी चष्मा चढवला, तुकडे एकेक करून उलटसुलट पाहिले, आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की तसे पाहण्याचा अधिकार खरे तर परवा रात्रीपासून माझा होता.

“कापलीत?” ते म्हणाले. “अहो, दोन मिनिटांचं काम. सोडवायची ना.”